तयार ठोकळे

तिसरी चिठ्ठीही टिकलीच्या बॅगेतच निघाली, रिकाम्या दुधाच्या बाटलीखाली, चौपदरी घडी घातलेली. पाळणाघराच्या पायरीवर उभ्या उभ्याच तिच्या आईनं ती उलगडली. इंग्रजीत. आधीच्या दोन्हींसारखीच सही नाही.

'टेक हर होम ॲज सून ॲज पॉसिबल. शी इज नॉट टू बी लेफ्ट हिअर.'

लवकरात लवकर हिला घरी न्या. हिला इथे ठेवायचं नाही.

कडेवर टिकली भुकेनं किंचाळत होती. काल हीच पोरगी खांद्यावर मान टाकून अशी झोपली होती, की घरी कपडे बदलले तरी डोळा उघडला नव्हता. दोन वर्षांच्या पोरांचं काही सांगता येत नाही.

"धमकी आहे ही," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

"अक्षर तर बघ. पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखं आहे."

"अक्षर मुद्दाम बिघडवता येतं. वाक्यं कुठे लपवशील?"

"झालं! आता घरातही ठोकळे मोजायला बसणार तू."

तिचं कामच ते. पत्रलेखनाची पुस्तकं काढणाऱ्या एका कचेरीत ती रोजच्या वापरातली इंग्रजी पत्रं, अर्ज, तक्रारी चाळायची आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्दांचे गट मोजायची. माणसं वाक्य रचतात कुठे? तयार ठोकळे उचलतात आणि एकापुढे एक मांडतात. आणि ज्याचे त्याचे ठोकळे ठरलेले असतात.

तिनं पाळणाघराच्या मॅडमच्या सगळ्या सूचना काढल्या. त्यांचं प्रत्येक वाक्य 'काइंडली नोट दॅट'नं सुरू व्हायचं. चिठ्ठ्यांत ते एकदाही नव्हतं. पालकांच्या ग्रुपवरचे निरोप चाळले. तिथेही काही नाही. मग मोबाइलमध्ये एक फोटो समोर आला.

फोटो तिच्याच चिठ्ठीचा होता.

पाळणाघराचा नियम कडक होता. मुलांना सांभाळणाऱ्या मावशीनं पालकांशी बोलायचं नाही. पालकांनी जे सांगायचं ते लेखी, तेही इंग्रजीत, मॅडमकडे. ती रोज सकाळी लांबलचक चिठ्ठी लिहायची, वर जपून फोटो काढायची. मावशीला अक्षरओळख नव्हती. म्हणून दारातच मॅडम एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या, मावशीला मराठीत समजावायच्या. मावशी कागदाकडे टक लावून मान डोलवायची. ते बघून तिला बरं वाटायचं.

'प्लीज मेक शुअर दॅट.' 'ॲज सून ॲज पॉसिबल.' 'शी इज नॉट टू बी.' सगळे तिचेच ठोकळे. आठ महिन्यांच्या चिठ्ठ्यांबाहेरचा एकही शब्द नव्हता.

"तूच लिहिलंस वाटतं झोपेत," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मॅडमसमोर बसली. टिकली तिच्या मांडीवर होती.

"ज्यानं लिहिलंय, त्याच्याकडे माझ्या चिठ्ठ्यांखेरीज दुसरं इंग्रजीच नाही, मॅडम. माझ्या चिठ्ठ्या इथे कोणाच्या हाती लागतात?"

 हातातलं पेन मॅडमनी टोपण लावून बाजूला ठेवलं.

"स्वयंपाकघरात खिळ्याला टोचलेल्या असतात. तिथे मावशीच असते."

"पण त्यांना तर वाचता..."

"तुम्हीच तर आत्ता सांगितलंत. मला कधी सुचलंही नसतं." मॅडमनी आवाज खाली आणला. "एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. परवा तिला मोरीत दूध ओतताना मी स्वतः पकडलं. तुमच्या टिकलीचं."

"म्हणून पोर उपाशी यायची!"

"एक मूल गेलं की तेवढंच काम कमी. दुसरं काय? तुम्ही निश्चिंत राहा."

बाहेर पडताना मावशी दारात दिसली. तोंड उघडून ती काहीतरी म्हणणार, तेवढ्यात मागून मॅडमची हाक आली. तिनं टिकलीला छातीशी घट्ट धरलं आणि मावशीकडे न बघता जिना उतरली.

सोमवारी दारात नवी बाई होती, तरणीताठी, हसतमुख. मॅडमनी चिठ्ठी वाचून दाखवली. टिकलीच्या आईनं त्या दिवशी चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. टिकलीनं हात हलवून टाटा केला. किती दिवसांनी ती कचेरीत मान वर न करता काम करत बसली.

बारा वाजून वीस मिनिटांनी पहारेकरी वर आला. "ताई, एक बाई हे देऊन गेली. थांबा म्हटलं तर थांबली नाही."

जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला गठ्ठा होता. आत तिच्याच चिठ्ठ्या, आठ महिन्यांच्या, एकेक चिठ्ठी हातानं सरळ केलेली. समासात तिचीच अक्षरं कुणीतरी पेन्सिलीनं गिरवली होती. आधी वेडीवाकडी, मग जरा सरळ. सगळ्यांत वर एक नवा कागद होता.

'प्लीज मेक शुअर दॅट शी डझ नॉट ड्रिंक हर मिल्क. मॅडम. मेडिसिन. स्लीप. ॲज सून ॲज पॉसिबल.'

मोरीत ओतलेलं दूध. भुकेनं किंचाळणारी टिकली. आणि ती दुसरी टिकली, खांद्यावर मान टाकलेली.

जिन्यावरून धावतच तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. मुलांच्या झोपेच्या वेळात मॅडम फोन उचलत नाहीत, हाही नियमच होता. कचेरीच्या दारावरच्या घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते. सकाळी दोन रेघा मारून तिनं लिहिलं होतं: 'प्लीज मेक शुअर दॅट शी ड्रिंक्स ऑल हर मिल्क ॲट ट्वेल्व थर्टी.'