आईच्या जागी

"‘कामाचा त्रास नव्हता’, एवढं एक वाक्य आईच्या चौकशीच्या जबाबात टाक बाळा," मेट्रननी पेन माझ्यापुढे धरलं. "तुझ्या अनुकंपा नोकरीची फाईल आजच वर पाठवते."

आईने जीव दिला त्याला चार महिने झाले होते. याच बाईंनी तिला पेशंटांसमोर बिनडोक म्हटलं होतं, सलग दोन-दोन ड्यूट्या करायला लावल्या होत्या. आता तिच्या जागी मी नोकरीला लागणार होते, त्यांच्याच हाताखाली. बाबा अंथरुणाला खिळलेले; घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

मी ते वाक्य लिहून सही केली.

"शाबास. आईसारखं मनाला लावून घेऊ नकोस हं."

"नाही घेणार, मॅडम."

"सोडून दे ना ती नोकरी," असं मी आईला फोनवर किती सहज म्हणायचे.