आईच्या जागी

घड्याळजीनं खोलीभर नजर फिरवली आणि आईच्या जागी उभं राहायला नेमकं तिलाच बोलावलं. "ताई, तुम्ही याल?"

ती उठली. आत्ता पाळी घड्याळजीची होती. शिबिरातल्या कुटुंबाच्या मांडणीचा नियम सोपा होता. ज्याचा प्रश्न, त्यानं अनोळखी माणसांमधून आपले आईवडील, भावंडं निवडायची, खांद्याला धरून एकेकाला जागेवर उभं करायचं, आणि त्या माणसांनी आत जे उमटेल ते बोलायचं. बाकीचं शिबिर घेणारे सर बघून घेत. लोक येत ते सरांसाठीच. सर फारसं बोलत नसत. नुसते समोर येऊन उभे राहिले की माणूस ढसाढसा रडायला लागतो, असा त्यांचा लौकिक होता.

ती सरांची बायको होती. हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. तिनं माहेरच्या नावानं अर्ज भरला होता आणि बारा खुर्च्यांपैकी शेवटची मिळवली होती. परक्यांच्या वाट्याला येणारं ते लक्ष एकदा तरी आपल्या वाट्याला येतं का, हे तिला बघायचं होतं. दारात सरांनी तिलाही इतरांसारखेच हात जोडले होते. "या, बसा."

वडिलांच्या जागी दातांचे डॉक्टर होते. "माझे पाय फार जड झालेत," ते गंभीरपणे म्हणाले.

"होणारच. सकाळपासून तिसऱ्यांदा वडील झालेत ते," मागून एक बाई पुटपुटली.

सर तिच्यासमोर आले. हातभर अंतरावर थांबले. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्याकडे असं पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. घाई नाही, फोन नाही, पापणीसुद्धा लवत नव्हती. 

"आई, लक्ष कुठं जातंय तुमचं?"

"तुमच्याकडे."

सर दोन पावलं डावीकडे सरकले. तिची नजर मागोमाग गेली. ते खिडकीपाशी गेले. तिथंही गेली.

"आई नवऱ्याकडे बघत नाहीये," सर खोलीला म्हणाले. "ती अशा कुणाकडे तरी बघतेय, ज्याला या घरानं वगळलंय." त्यांनी बसलेल्यांमधल्या एका टॅक्सीवाल्याला दंडाला धरून आणलं आणि खिडकीपाशी, स्वतःच्या जागेवर, उभं केलं.

"मी कोण, सर?"

"ते तुम्हाला माहीत असायची गरज नाही."

टॅक्सीवाला अवघडून शर्टाची बटणं चाचपत राहिला.

"काय उमटतंय, आई? बोला."

आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. "मंगळवारी तुम्ही येतो म्हणाला होतात," ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत मी वाट पाहिली."

मागच्या महिन्यातला मंगळवार. दवाखान्यात तिची गाठ काढायची होती. चार वाजता तिला आत नेलं, तेव्हा तिची पिशवी आणि चष्मा शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं सांभाळला. सर त्या दुपारी याच खोलीत एका विधुराला रडवत होते.

  सरांच्या डाव्या कानाची पाळी लाल झाली. ते बायकोशिवाय कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. त्यांना कळलं होतं. मग ते घड्याळजीकडे वळले.

"मंगळवार," ते हलकेच म्हणाले. "तुमच्या घरात मंगळवारचं काही?"

घड्याळजीचा चेहरा उतरला. "मंगळवारी दुकान बंद असायचं. बाबा घरी असायचे. आई जेवण झाकून ठेवायची आणि बाहेर जायची. मावशीकडे जाते म्हणायची."

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. तो बिचारा एक पाऊल मागे सरला.

"थांबा," ती म्हणाली. "हे यांच्या आईचं नाही. माझं आहे. माझं स्वतःचं."

"आईच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला असंच वाटतं," सर खोलीला म्हणाले. "इतकं ते खोलवरून येतं." आवाज मधासारखा होता. नजर तिच्या कपाळावर होती, डोळ्यांवर नव्हे. दोघातिघांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी या माणसाची बायको आहे, हे वाक्य तिच्या जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात घड्याळजी पुढ्यात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पण हनुवटी थरथरत होती.

"कोण होता गं तो?" त्यानं विचारलं. "बाबा गेले, तू गेलीस. माझी विचारायची हिंमत झाली नाही. आज सांग."

तिनं सरांकडे पाहिलं. एका शब्दानं त्यांना हे थांबवता आलं असतं. ते मान किंचित कलती करून उत्तराची वाट बघत होते, बाकीच्या सगळ्यांसारखे.

"कुणी नव्हता रे," ती म्हणाली.

"मग जायचीस कुठं?"

"दवाखान्यात. गाठ होती. तुम्हा पोरांच्या जिवाला घोर नको, म्हणून मावशीचं नाव सांगायचे."

"सोबत कोण असायचं?"

"कुणी नाही. एकटीच जायचे."

घड्याळजीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. टॅक्सीवाल्यानं बाहीला डोळे पुसले. सर मधोमध उभे होते, डोळे मिटून, तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून. एकेक करत सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"सरांनी काही केलं तरी का, सांगा बरं?" मागची बाई शेजारणीला म्हणाली. "त्यांचं नुसतं असणंच पुरतं."