कात्री थांबली की

शाळेतल्या समुपदेशक मॅडमच्या खोलीकडे एकही पोर फिरकत नव्हतं, कारण ती खोली मुख्याध्यापकांच्या दाराला अगदी लागून होती. शेवटी मॅडमनी शाळेसमोरच्या सलूनवाल्या काकांनाच गाठलं. मुलांचं ऐकायचं कसं, ते त्यांना महिनाभर शिकवलं आणि जड काही निघालं तर लगेच मला सांगा, म्हणून बजावलं.

काका मन लावून ऐकू लागले. पण कात्री थांबली की पोरं गप्प व्हायची, म्हणून काका ती थांबवेनातच. पंधरा दिवसांत नववीतली झाडून सगळी पोरं चकोट!

मुख्याध्यापक तणतणत सलूनमध्ये शिरले. "अहो, काय चालवलंय काय हे?"

"आधी बसा तर खरं, सर," म्हणत काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि डोक्यावर कात्रीची कचकच सुरू केली.

"तसं मला काही झालेलं नाही, पण..." अशी सरांनी सुरुवात केली आणि तासाभराने डोळे पुसत संपवलं.

मग आरशात बघत, वीस वर्षं जुन्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवत ते म्हणाले,



"पुढच्या गुरुवारी परत येतो. माझे जरा लवकर वाढतात."