डाव्या बाजूची चकती

"काल इथंच होती!" सुवैलिमने कापड उचलून पुन्हा झटकलं. मघाशी त्यातून काही पडलं नव्हतं, आताही पडलं नाही.

पिकअपचा मागचा भाग दगडांवर चढवलेला होता आणि मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं पोट उघडं पडलं होतं. क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकं, बेअरिंगं, सगळं रॉकेलने धुऊन अंगणात मांडलेलं. वारा सुटून त्यावर वाळू बसली म्हणून पुन्हा धुतलेलं. नव्हती ती फक्त डाव्या बाजूची चकती. मधे मोठं भोक असलेली साधी पोलादी चकती, पण ती नसेल तर दाताला दात बसत नाही आणि गाडी पुन्हा रडायला लागते. मआनच्या बाजारात दुसरी मिळाली असती. पण मआनला जायचं कशातून? गाडी तर ही अशी!

त्याने कोंबड्यांचं खुराडंही उचकून पाहिलं. कोंबड्यांनी तेवढी बोचकारून घेतली.

"फिद्दा, तू तर नाही ना उचललीस?"

"मला काय करायचंय तुझ्या लोखंडाचं?" उंबऱ्यात मसूर निवडत बसलेली त्याची बहीण वर न बघता म्हणाली.

ती रुसून माहेरी आली होती. तिच्या नवऱ्याने, मुफ्लेहने, हीच पिकअप मागून नेली, तिची लाडकी शेळी तिला न विचारता बाजारात विकली आणि परत येताना कोरड्या ओढ्याच्या वाळूत गाडी रेटून डिफरन्शियलचे दात ढिले केले. एकाच दिवशी गड्याने बायकोही दुखावली आणि मेव्हण्याची गाडीही.

"हे एकदा जुळू दे," सुवैलिम म्हणाला, "त्याच पावली तुला तुझ्या घरी सोडून येतो. माझं डोकं खाऊन संपलंय तुझं."

"मी काय जवाचं पोतं आहे, दारात नेऊन टाकायला? त्याने यावं, मला मागावं. मग जाईन."

"आणि नाही आला तर?"

फिद्दाचे हात थांबले. तीच भीती तिला आल्या दिवसापासून कुरतडत होती.

तेवढ्यात रस्त्याकडून कुणीतरी चालत येताना दिसलं. सुवैलिमने डोळे बारीक केले आणि कपाळाला हात लावला. कपाळही काळं झालं. "आला! गाडीचं वाटोळं करणारा आला!" फिद्दा मसुराची परात तशीच टाकून आत गेली.

पण दारात आलेला माणूस वैरी असला तरी पाहुणा. सुवैलिमने साबणाचा चुरा घेऊन कोपरापर्यंत हात घासले, मुफ्लेहला चटईवर बसवलं, तब्येत विचारली, मेंढरांची विचारली, पावसाची विचारली. मग वेलदोड्याची कडू कॉफी ओतून पुढे केली.

मुफ्लेहने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

मागणं घेऊन आलेला पाहुणा असाच कप खाली ठेवतो, आणि यजमान 'पी, दिलं' म्हणेपर्यंत त्याला शिवत नाही. ती कॉफी तशीच गार झाली तर घराची शोभा.

"कॉफी घे, मुफ्लेह."

"घेईन, अबू हमद," मुफ्लेह मेव्हण्याला मुलाच्या नावाने, मानाने म्हणाला. "तुम्ही म्हणालात की घेईन."

"गाडी सोडून काहीही माग."

मुफ्लेह चटईकडे बघत राहिला. कपावरची वाफ विरली. एक माशी काठावर येऊन बसली. सुवैलिमने एकदा माशीकडे पाहिलं, एकदा अंगणात पसरलेल्या गाडीच्या आतड्यांकडे, आणि त्याचा बांध फुटला.

"पी रे बाबा, पी! दिली! तुकडे तुकडे झालेत, पोत्यात भर आणि घेऊन जा!"

मुफ्लेहने गार कॉफी एका घोटात संपवली. "गाडी नकोय मला," तो हळूच म्हणाला. "फिद्दाला मागायला आलो होतो. शेळी परत घ्यायला गेलो, पण घेणाऱ्याने ती पुढे विकली. चुकलंच माझं. तिच्या मागे घर खायला उठतंय." मग जरा धीर करून म्हणाला, "दिली म्हणालात ना?"

सुवैलिमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "अरे, मग मघाशीच बोलायचंस की! आजच घेऊन जा! पण नेतोस कशातून? ती मेली चकती..."

आतून फिद्दा बाहेर आली. डाव्या हातात कॉफीचं भांडं होतं. काही न बोलता तिने नवऱ्याचा कप पुन्हा भरला. भांडं तिरकं करताना बांगड्या मनगटावर घसरल्या.

मुफ्लेहने कप ओठांशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"चार होत्या," तो म्हणाला.

"आता चार काय?" सुवैलिम करवादला.

"बांगड्या. लग्नात मी चार घातल्या होत्या, चांदीच्या. ही पाचवी कुठली?"

फिद्दाने आल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहिलं. कालपासून त्याच बांगड्या घालून ती भावाला भाकरी वाढत होती, पाणी देत होती, आणि त्याला काही दिसलं नव्हतं. तिने पाचवी बांगडी मनगटातून काढली, ओढणीला पुसली आणि भावाच्या तळहातावर ठेवली.

"नीट बसव हं, भावा," ती म्हणाली. "आता त्याच गाडीतून जायचंय मला."