चित्राखालची नावं

"ही फ्रेम मी लावचंय नाय," रावजी म्हणाला आणि त्याने ड्रिल खाली ठेवलं.

बहारीनमधल्या झल्लाकच्या हॉटेलातलं प्रदर्शन तासाभरात उघडायचं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या सोंगाड्यांची चोवीस छापचित्रं भिंतीवर चढली होती. पंचविसावं अजून हातात होतं. एक टोक रावजीकडे, दुसरं त्याच्या जोडीदाराकडे, सदीककडे. काचेआड काळ्या मुखवट्याचा, ठिगळांच्या अंगरख्याचा एक नट एका पायावर नाचत होता.

प्रदर्शन मांडणारे सलील जोगळेकर धावत आले. "काय झालं? काच तडकली?"

रावजीने चित्राखालच्या पाटीवर बोट ठेवलं. चित्र कोरणाऱ्याचं नाव होतं. छापणाऱ्याचं होतं. ज्या उमरावाला ते अर्पण केलं त्याचं होतं, आणि आजच्या मालकाचं तर ठळक अक्षरात होतं. नाचणाऱ्यासाठी एकच शब्द होता, विदूषक. लग्नपत्रिकेत सगळं गोत छापावं आणि नवऱ्याचंच नाव गाळावं, तसला प्रकार.

"ह्येचा नाव खंय आसा?"

"अहो, ते एक पात्र आहे. करणाऱ्याची नोंद कुठेच नाही."

"पात्र काय आपसूक नाचता?"

रावजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती आजची नव्हती. कुडाळकडच्या दशावतारात त्याने बारा वर्षं संकासुर केला होता. तोंडावर काळा बुरखा, लिहिलेलं भाषण नाही, जिभेवर येईल त्यावर गाव हसवायचं. मग पोटासाठी बहारीनला आला आणि मीना सलमान बंदराजवळच्या वर्कशॉपात फ्रेमा ठोकू लागला. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळात त्याने पुन्हा संकासुर नाचवला. मंडळाच्या अंकात फोटो छापून आला. खाली पाहुण्यांची, देणगीदारांची, निवेदिकेचीसुद्धा नावं. त्याच्या फोटोखाली 'पारंपरिक कलाकार'. आई मेल्यावर रडला नसेल इतका तो त्या दिवशी रडला होता.

"ह्येना लोकांक हसवल्यान म्हणून तुमचा चित्र झाला," तो म्हणाला. "माणसाचा नाव इचारूची कोणाक गरज वाटाक नाय. ता तरी लिवा."

सदीक चौकट धरून उभा होता. त्याची पांढरी दाढी घामाने भिजली होती. चार वर्षं दोघे एकाच बाकावर काम करत होते, एकाच डब्यातलं खात होते.

सलीलनी जुनी पाटी काढली. मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि नवी पाटी टाइप केली. 'या नटाचं नाव कोणीही लिहून ठेवलं नाही.'

"बरोबर बोललात तुम्ही," ते म्हणाले. "आणि दाराशी माझ्या नावाचा बोर्ड आहे, त्यावर तुम्हा दोघांचीही नावं घालतो. सांगा."

रावजीची छाती फुगली. "रावजी सखाराम मेस्त्री." मग त्याने मोठ्या मनाने शेजाऱ्याकडे हात केला. "आणि ह्यो सदीक."

"पूरा नाम?" सलीलनी म्हाताऱ्यालाच विचारलं.

म्हाताऱ्याने चौकट अलगद जमिनीवर टेकवली.

"नुमान अहमद, साब. सदीक तो अरबी में दोस्त को कहते हैं. यहाँ जिसका नाम कोई नहीं पूछता, उसको सब सदीक बुलाते हैं."