तीन नंबरचं बूच

"भाऊ, आता नका घासू. होडीचा तळ गायब होईल," शिंपी म्हणाला.

बाजारात चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला घासतच राहिला. आठही होड्या त्याने एकट्याने खरवडून रंगवल्या होत्या, शेडचे पत्रे बदलले होते. आज क्लबचा सीझन उघडायचा, दहा वाजता निशाण चढायचं. तरी तीन नंबरच्या होडीपाशी आला की त्याचा हात थांबत नव्हता.

तलावावरचा हा शिडाच्या होड्यांचा क्लब सगळा फुकटच्या हातांवर चालायचा. त्या हातांत सात वर्षं चष्मेवाल्याचे दोन कधीच नव्हते. यायचा, शीड सोडून मस्त फिरायचा, आणि काम निघालं की "उद्या बघू" म्हणून सटकायचा. त्यावरून त्याचं नावच 'उद्या' पडलं होतं. या हिवाळ्यात मात्र माणूस पार बदलला.

"घरातला नळ सहा महिने ठिबकतोय," बायको म्हणायची, "आणि हे तिकडे छप्पर शाकारतायत! कोणी ठेवलीय का तलावावर?"

ठेवली कोणी नव्हती. कोटाच्या खिशात एक बूच होतं.

होडीच्या बुडाला मागे एक भोक असतं. काठावर असली की बूच काढून ठेवायचं, म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलायच्या आधी ते घट्ट बसवायचं. गेल्या सीझनच्या शेवटच्या दिवशी, होड्या सांभाळणारे सुतारकाका त्याला म्हणाले, "तीन नंबरला बूच बसव रे." त्याने बसवलं. चांगलं पिळून बसवलं, असं त्याला शपथेवर आठवत होतं.

तासाभराने काका ती होडी घेऊन निघाले आणि धक्क्यापासून वीस हातांवर ती खाली बसली. पाणी कमरेइतकंच होतं. नशीब, काकांनी चष्मा तेवढा काठावर काढून ठेवला होता. तो चष्मा याच्याच दुकानातला. त्याच्याशिवाय काकांना दोन पावलांवरचं दिसत नसे. पण वीस वर्षं होड्या सांभाळलेला माणूस सगळ्यांसमोर चिंब उभा राहिला.

"बूच मीच बघायला हवं होतं," काका म्हणाले. "वय झालं माझं." आणि शेडच्या किल्ल्या त्यांनी सिस्टरच्या हातात ठेवल्या. सिस्टर म्हणजे क्लबच्या सेक्रेटरी, रिटायर झालेल्या नर्स.

त्या संध्याकाळी चष्मेवाल्याने खुंटीवरचा कोट चढवला, खिशात हात घातला आणि हाताला पितळी बूच लागलं. चकचकीत, जणू आजच दुकानातून आणलेलं. म्हणजे बसवलंच नव्हतं! त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं.

हिवाळाभर काका अधूनमधून दुकानात यायचे. चष्म्याच्या काड्या घट्ट करून घ्यायचे. रागवायचे नाहीत, काही विचारायचे नाहीत. नुसते उसासा टाकायचे. "शेडचे पत्रे गळतायत म्हणे. आता कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी हा शिडीवर.

तसे काकांसमोर क्लबात बरेच जण खाली मान घालून वावरायचे. शिंपी न सांगता शिडं शिवायचा, प्लंबर न सांगता मोऱ्या साफ करायचा. चष्मेवाल्याला वाटायचं, आदर असेल.

साडेनऊला मात्र त्याच्याने राहवेना. काका धक्क्यावरच्या बाकावर चहा पीत बसले होते.

"काका, एक सांगायचंय."

"आज? की उद्या?"

त्याने बूच बाकावर ठेवलं. "तीन नंबरचं आहे. माझ्या खिशात होतं. मी बसवलंच नव्हतं काका. तुमच्या किल्ल्या माझ्यामुळे गेल्या आणि मी गप्प बसलो. आता सगळ्यांसमोर सांगतो."

काका बुचाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवून रुमाल डोळ्यांना लावला. त्यांचे खांदे हलत होते. चष्मेवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सगळ्यांसमोर नको," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझं गेलं ते गेलं. सिस्टर थकल्यात रे. तू सेक्रेटरी हो."

"मी? काका, दुकान आहे, घर आहे..."

काकांनी उसासा टाकला.

"होतो," तो म्हणाला.

दहाला निशाण चढलं. दोर ओढायला हात कमी पडत होते. या वर्षीचा नवा सभासद, जिमचा मास्तर, दंड फुगवून बाजूला उभा होता.

"धरा की जरा," शिंपी म्हणाला.

"लचक भरलीय हो पाठीत," मास्तर म्हणाला. "होडी किती वाजता मिळणार?"

सिस्टरने नव्या सेक्रेटरीचं नाव सांगितलं. टाळ्या पडल्या. मग ऑफिसात नेऊन त्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला.

"खालचा खण फक्त सेक्रेटरीने उघडायचा," त्या म्हणाल्या आणि नाइट ड्यूटी संपल्यासारख्या तुरुतुरु निघून गेल्या.

त्याने खण उघडला. बिस्किटांचा एक जुना डबा होता. डब्यात वरच एक झिजलेलं बूच, त्यावर खिळ्याने कोरलेला तीनचा आकडा. खाली एक वही, काकांच्या अक्षरातली.

'शिंपी. शीड फाटलं, खिशात कात्री. आता शिडं शिवतो.'

'प्लंबर. होडी सुटून वाहत गेली, खिशात साखळीची पिन. आता मोऱ्या बघतो.'

'नर्स. शेड उघडी राहिली, पर्समध्ये कुलूप. आता सेक्रेटरी.'

'उद्या. तीन नंबर बुडवली, खिशात नवं बूच. आता रंग, पत्रे, बघू अजून काय.'

त्याच्याखाली या वर्षाचा आकडा आणि पुढे कोरी ओळ.

चष्मेवाल्याने खिडकीतून पाहिलं. बाकावरून काकांनी चहाचा कप उंचावला.

त्याने पेन्सिल घेतली आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं, 'लचक.'