एकही माणूस न गमावता

सूर्य बुडताना, सेवेतून निवृत्त होणाऱ्या त्या जुन्या विनाशिकेवरचा ध्वज शेवटचा उतरणार होता. माजी नौसैनिकांच्या कुटुंबांसोबत कुमुदही धक्क्यावर बसली होती. कप्तान जहाजाची कारकीर्द वाचत होते: चाच्यांशी झुंज, वादळातून वाचवलेले मच्छीमार. शेवटी अभिमानाने म्हणाले, "इतक्या वर्षांत या जहाजाने एकही माणूस गमावला नाही."

कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा नवरा याच जहाजाच्या इंजिनरूममधल्या आगीत होरपळला होता. फक्त जीव गेला तो किनाऱ्यावर, इस्पितळात. म्हणून जहाजाच्या खात्यावर तो नव्हताच.

ध्वज उतरला. प्रथेप्रमाणे जहाजाच्या पितळेचे तुकडे कुटुंबांना आठवण म्हणून दिले जाऊ लागले.

"तुमचे यजमान या जहाजाचं भूषण होते, ताई," कप्तानांनी तबक पुढे केलं.

तिने हात पदराखाली घेतले. "ते इस्पितळात वारले ना, साहेब? मग आठवणही तिथूनच घेईन."